कोमल निषादाच्या पुढे

गिटारची सगळ्यात बारीक तार, म्हणजे पहिली ई, षड्ज मानून वर चढत गेलं तर बाराव्या फ्रेटवर, म्हणजे धातूच्या बाराव्या आडव्या पडद्यावर, तार षड्ज लागतो. तिथून पुन्हा रे, ग, म, प, ध करत बाविसाव्या फ्रेटवर पोचलं की कोमल निषाद येतो आणि फ्रेटबोर्ड संपतो. जुन्या पद्धतीच्या २१ फ्रेटच्या गिटारवर तर शुद्ध धैवतावरच थांबावं लागतं. षड्ज अजून दोन किंवा तीन घरं लांब असतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जिथं मराठी घरांतून ख्याल पिढ्यान्‌पिढ्या कानावर पडत आला आहे, तिथल्या वादकाला हे अडणं फार जाणवतं. निषादावर येऊन सा न घेता परतायचं, हे त्या कानाला पटत नाही. गिटारच्या वर्गात हा प्रश्न कधी ना कधी निघतोच : सर, पुढं फ्रेट नाहीत, मग हा सा घ्यायचा कुठून?

सा तिथं आहे. तार ब्रिजपर्यंत गेलेली आहे आणि तिच्यावर अजून दीड सप्तकाहून जास्त मोकळी जागा आहे. फक्त ती जागा दाखवणारी पट्टी कुणी ठोकलेली नाही. ती कशी शोधायची, काय वापरून तार अडवायची आणि तिथं काय काय बिघडतं, याबद्दल हे लिखाण आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो : शेवटच्या फ्रेटपुढचा भाग चमत्कृतीसाठी वापरला जातो, पण त्याचा खरा उपयोग सुरासाठी आहे. तिथं गिटार बिनपडद्याचं वाद्य होते, आणि बिनपडद्याच्या वाद्याशी कसं वागायचं हे या शहराला नव्यानं शिकवावं लागत नाही.

आधी फ्रेट का संपतात, ते पाहू. स्ट्रॅटोकास्टर जातीच्या इलेक्ट्रिक गिटारची स्केल, म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची पट्टी, जिथून तार सुरू होते) ब्रिजपर्यंतची हिशेबाची लांबी, २५.५ इंच, म्हणजे ६४८ मि.मी. असते. प्रत्येक फ्रेट उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागून पुढे सरकवलेला असतो. त्यामुळे नटपाशी पहिलं घर ३६ मि.मी. रुंद असतं, तर एकविसाव्या आणि बाविसाव्या फ्रेटमध्ये जेमतेम ११ मि.मी. उरतात. तेवीस ते चोवीस हे अंतर साडेनऊ मि.मी. आहे. असंच पुढं ३६ पर्यंत, म्हणजे आणखी एका षड्जापर्यंत गेलं तर शेवटचं घर पाच मि.मी.हूनही अरुंद होतं. त्यात फ्रेटची तारच अडीच मि.मी.ची. राहिलेल्या फटीत बोट बसायचं कसं? शिवाय फ्रेटबोर्ड जितका लांबवावा तितकी नेक पिकअपची (फ्रेटबोर्डच्या टोकाशी बसवलेल्या, तारेचा आवाज टिपणाऱ्या चुंबकांच्या संचाची) जागा जाते, आणि त्या पिकअपचा गोल, भरीव आवाज हातचा जातो. चोवीस फ्रेटच्या गिटारवर तो पिकअप ब्रिजकडे सरकवलेला असतो, म्हणूनच तिचा नेक पिकअप बावीसवालीपेक्षा थोडा पातळ बोलतो.

तरीही हे करून पाहणारे झाले. वॉशबर्ननं १९८०च्या दशकात ३६ फ्रेटचं ईसी-३६ नावाचं मॉडेल काढलं होतं. जर्मन वादक उली जॉन रॉथ यांनी व्हायोलिनच्या उंचीचे स्वर मिळावेत म्हणून आपली 'स्काय' गिटार खास बनवून घेतली. या दोन्हींबद्दल मला आदर आहे, पण ज्याच्याकडे साधी बावीस फ्रेटची गिटार आहे त्यानं नवीन गिटार घेण्याची काही गरज नाही.

सगळ्यात जवळचा उपाय बेंड, म्हणजे तार आडवी ओढून स्वर चढवणं. बाविसाव्या फ्रेटवर तार एक पूर्ण स्वर ओढली की कोमल निषादाचा षड्ज होतो. त्यासाठी ताण सुमारे २६ टक्के वाढवावा लागतो आणि तार जागेवरून दोन सेंटिमीटरच्या आतबाहेर सरकते. ००९ ची (इंचाच्या नऊ हजारांश जाडीची) ई तार सुरात असताना सुमारे सहा किलोचा ताण सोसत असते, म्हणजे या बेंडला साडेसात किलो. इथवर सगळं ठीक चालतं. याच फ्रेटवरून शुद्ध रिषभापर्यंत, म्हणजे दोन पूर्ण स्वर, न्यायचं म्हटलं तर ताण साडेनऊ किलोच्या घरात जातो आणि इतकी बारीक तार तुटण्याच्या बेताला येते. नवी तार निभावून नेते. जुनी, गंज धरलेली तार सॅडलच्या (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याच्या) काठावरच तुटते. सॅडलवर बारीक धार राहिली असेल तर ती सहाशेच्या पॉलिश पेपरनं मोडून घ्यावी. तुटलेल्या पहिल्या तारांमध्ये कितीतरी याच धारेच्या बळी असतात.

बेंडची एक गोष्ट क्वचितच कुणी सांगतं. गोल फ्रेटबोर्डवर एकोणिसाव्या-विसाव्या फ्रेटला बेंड करताना तार पुढच्या फ्रेटला घासून आवाज मरतो, ७.२५ इंच त्रिज्येच्या जुन्या घडणीच्या नेकवर तर हमखास. शेवटच्या फ्रेटवर मात्र हे होत नाही, कारण पुढं अडायला फ्रेटच नाही. तेव्हा विसाव्यावर मरणारा बेंड पाहून बाविसाव्यावर बेंड करायला कचरू नये. तिथली अडचण हाताच्या जागेची आहे. तीन बोटं एकामागे एक लावा, ओढणारं तिसरं, मागची दोन आधाराला, आणि अंगठा नेकच्या मागून सोडून कटअवेच्या (नेकपाशी गिटारच्या अंगाला दिलेल्या खाचेच्या) काठावर टेकवा. वर जाताना दुसरी आणि तिसरी तार बोटांखाली येतात. त्या नखांच्या टोकांनी पुढं ढकलत न्यायच्या, बोटांखाली सापडू द्यायच्या नाहीत. नाहीतर बेंड सोडताना त्या खण्णकन वाजतात.

दुसरा उपाय बहुतेकांना आपोआप सुचतो : तार पिकअपवर दाबायची. स्ट्रॅटोकास्टरच्या मूळ आराखड्यात नेक पिकअपचा मध्य ब्रिजपासून ६ ३/८ इंचांवर, म्हणजे १६२ मि.मी.वर आहे. ही जागा नेमकी चोविसाव्या फ्रेटची. तेव्हा तार पिकअपच्या चुंबकावर टेकवली की षड्ज मिळायला हवा. मिळतो, पण चढा. चुंबकाचा गोल माथा जवळजवळ पाच मि.मी. व्यासाचा असतो आणि तार त्याच्या मध्यावरून सुटत नाही, ब्रिजकडच्या काठावरून सुटते. इथंच अडीच मि.मी. गेले. वर तार तीन-साडेतीन मि.मी. खाली दाबल्यानं ताण वाढतो तो वेगळा. दोन्ही मिळून स्वर एका अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्शाइतका चढतो. षड्जाला इतका चढेपणा कसा चालेल? शिवाय तार चुंबकाला टेकताना 'टक' असा आवाज ॲम्पमधून येतो आणि गेन (ॲम्पमधली आवाजाची वाढ) जास्त ठेवला असेल तर तो स्वरापेक्षा मोठा वाटतो. पिकअप सोडून तार थेट पिकगार्डपर्यंत (तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्यापर्यंत) दाबली तर प्रकरण आणखी बिघडतं. एक सेंटिमीटर दाबलेली तार पाऊण अर्धस्वर वर जाते आणि बोट काढताना किंचाळते.

म्हणून दाबणं हाच मुद्दा सोडून द्यावा. फ्रेट असतो तेव्हा तार खाली टेकवावी लागते, कारण फ्रेट खाली आहे. फ्रेट नसेल तर टेकवण्यासारखं खाली काहीच नाही. तार हवेत जिथं आहे तिथंच अडवायची. हे काम सारंगीवादक आयुष्यभर करतात. सारंगीत तारेला खालच्या लाकडाला टेकवतच नाहीत, नखाच्या मुळाशी बाजूनं स्पर्श करून स्वर धरतात. सरोदमध्ये तार खालच्या गुळगुळीत पोलादी पट्टीवर दाबतात, पण दाबणारं असतं नखाचं टोक. जिवाजीगंजातलं सरोद घर ज्यांनी पाहिलं आहे त्यांना ही परंपरा माहीत असेल. हाफिज अली खाँ यांचं ते घर, अमजद अली खाँ यांचा जन्म १९४५ मध्ये याच शहरातला. त्यांच्या सरोदच्या मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाण्यात, जो लख्खपणा आहे त्यात नखाचा वाटा मोठा आहे. बोटाचा मऊ गर तारेची वरची कंपनं शोषून घेतो. वीस इंचांची तार कंप पावत असते तेव्हा हे फारसं कळत नाही. सहा इंचांची राहिली की गरानं धरलेला स्वर 'धप्प' होऊन क्षणात संपतो. नख कठीण आहे, ते तारेला फ्रेटसारखा काठ देतं.

गिटारवर हे असं बसतं. डावा हात नेकवरून उचलून तारांच्या वरून आणा, अंगठा पिकगार्डवर हलका टेकवा. पहिल्या तारेला तर्जनीच्या नखाची कड बाहेरच्या बाजूनं, म्हणजे जमिनीकडून, लावा आणि दुसऱ्या तारेच्या दिशेनं एक-दोन मि.मी. रेटा. इतक्या रेट्यानं स्वर दोन-तीन सेंटच चढतो. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले की त्यातला एक भाग म्हणजे सेंट, त्यामुळे हा चढ कानाला लागत नाही. रेटा कमी पडला तर तार नखावर थरथरते आणि माशी अडकल्यासारखा आवाज येतो. तो आला की थोडं आणखी रेटायचं, खाली दाबायचं नाही. ००९ पेक्षा ०१० ची तार या कामाला बरी, बारीक तार नखात लवकर खाच पाडते. खाच पडली की मींड अडखळते. नेल फाइलनं कड सपाट करून घ्यावी, सरोदवाले हेच करतात. मध्यमेचं नख तयार ठेवलं तर दोन स्वरांमध्ये आलटूनपालटून जाता येतं.

आता जागा. मोजमाप करताना एक फरक लक्षात ठेवायला हवा. फ्रेटवर दाबलेल्या तारेचा ताण वाढतो म्हणून सॅडल हिशेबाच्या लांबीपेक्षा मि.मी.-दीड मि.मी. मागे सरकवलेलं असतं. आपण तर तार दाबणारच नाही. तेव्हा नट ते सॅडल ही पहिल्या तारेची खरी लांबी पोलादी पट्टीनं मोजा आणि तिचाच भागाकार करा. समजायला सोपं म्हणून इथं ती ६४८ धरतो. चारानं भागलं की १६२, हा षड्ज. साडेचारानं १४४, शुद्ध रिषभ. पाचानं १२९.६, गंधार. पाच आणि एक तृतीयांशानं १२१.५, मध्यम. सहानं १०८, पंचम. सहा आणि दोन तृतीयांशानं ९७.२, धैवत. साडेसातानं ८६.४, शुद्ध निषाद. आठानं ८१, वरचा षड्ज. सगळी अंतरं सॅडलच्या टोकापासून मि.मी.मध्ये. ६४८ ला हे आकडे इतके सरळ येतात की पाठच होऊन जातात.

कागदाची अर्धा इंच रुंद पट्टी घ्या, तिच्यावर बारीक टोकाच्या पेनानं या रेघा मारा आणि पहिल्या तारेच्या खाली, पिकअप सोडून, पिकगार्डवर चिकटवा. पट्टीला उंचीमुळे होणारा दृष्टिदोष असतो. तार पट्टीपासून सेंटिमीटरभर वर आहे आणि आपण तिरकं पाहतो, त्यामुळे रेघ प्रत्यक्षात आहे त्यापेक्षा सरकलेली दिसते. मान पुढं आणून तारेवरून सरळ खाली पाहत एकदा जागा बसवा आणि मग वाजवताना जिथून नजर पडते तिथून ती रेघ कुठं दिसते ते वेगळ्या रंगानं टिपून ठेवा. अशा दोन रेघा हव्यातच. एकाच रेघेवर विसंबणारे कायम एकाच बाजूला बेसूर असतात आणि कारण सापडत नाही.

मि.मी.च्या हिशेबात एवढं अडून बसण्याचं कारण आहे. पहिल्या फ्रेटपाशी एक मि.मी. इकडेतिकडे झालं तर स्वर तीन सेंट हलतो. बाराव्यापाशी पाच सेंट. चोविसाव्याच्या जागी जवळजवळ अकरा, आणि वरच्या षड्जाला, ८१ मि.मी.वर, एकवीस सेंट. नखाची कडच अर्धा मि.मी.च्या आसपास जाड असते. म्हणजे पट्टी फक्त परिसर दाखवते, स्वर कानालाच लावावा लागतो. ग्वाल्हेर गायकीच्या अष्टांगात मींड आणि आंदोलन येतात ती काही फक्त गळ्यासाठी नाहीत. स्वरावर खालून येऊन थांबायचं, तो बसला की स्थिर व्हायचं, ही सवय इथं जशीच्या तशी कामाला येते. रेघेवर थेट उडी मारू नका, पाच-सहा मि.मी. अलीकडे नख लावा आणि ऐकत वर सरका.

आणि इथं ती गोष्ट येते ज्यासाठी मला हा सगळा खटाटोप मोलाचा वाटतो. वरच्या यादीत गंधार १२९.६ मि.मी.वर आहे. याच तारेवर अठ्ठाविसावा फ्रेट ठोकला असता तर तो १२८.६ वर आला असता. फरक एक मि.मी.चा, चौदा सेंटचा. १२९.६ वरचा गंधार म्हणजे तंबोऱ्याच्या जोडाच्या षड्जातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार. १२८.६ वरचा म्हणजे हार्मोनियमचा, कीबोर्डचा, याच तारेवरच्या चौथ्या आणि सोळाव्या फ्रेटच्या हिशेबाचा. पहिल्या बावीस घरांत गिटारवादकाला हा चढा गंधारच मिळतो, पर्याय नाही. शेवटच्या फ्रेटच्या पुढं मात्र दोन्ही गंधार मोकळे आहेत. मागे कीबोर्डची कॉर्ड वाजत असेल तर १२८.६, मागे नुसता तंबोरा असेल तर १२९.६. पंचमाला असा प्रश्नच नाही. दोन्ही हिशेबांत फरक मि.मी.च्या आठव्या भागाएवढा, कुणालाही न कळणारा. धैवत आणि निषादाला पुन्हा फरक आहे. हे एकदा कानानं अनुभवावं. तंबोऱ्याचं ॲप ई वर लावा, नख १२८.६ वर धरा आणि किंचित सॅडलपासून दूर, म्हणजे १२९.६ कडे, सरकवा. तंबोऱ्यातल्या गंधाराशी होणारी थरथर संथ होत होत थांबते ती जागा स्पष्ट सापडते. फ्रेटच्या वाद्यावर हे इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठंही ऐकायला मिळत नाही.

नखाऐवजी स्लाइड (बोटात घालायची नळी) घेणारे जास्त आहेत, आणि लांब मींडेला स्लाइडच बरी. अमेरिकन वादक ड्वेन ऑलमन औषधाची काचेची बाटली बोटात घालून फ्रेटबोर्डच्या पार पुढं जाऊन वाजवत असत. फ्रेटपुढच्या भागासाठी स्लाइड निवडताना एक चूक टाळावी : पोलादी स्लाइड नको. पोलाद पिकअपच्या चुंबकक्षेत्रातून सरकलं की त्याचा स्वतःचा 'घुप्प' असा आवाज सिग्नलमध्ये येतो, शिवाय चुंबक तिला ओढतात. काच किंवा पितळ वापरा. एरवी स्लाइडसाठी अ‍ॅक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) वाढवावी लागते, कारण जड स्लाइड तारेला फ्रेटवर आपटते. फ्रेटपुढं ही अडचण नसते, नेहमीची अ‍ॅक्शन चालते. मात्र वरून मींड घेत फ्रेटबोर्डवर उतरताना बाविसाव्या फ्रेटवर खडखडाट होतोच. तिथं हात अर्धा मि.मी. हलका करायला शिकावं लागतं.

स्लाइडचा आणि नखाचा सामाईक शत्रू म्हणजे मागची तार. तार अडवली की ब्रिजकडचा भाग वाजतो तसाच नटकडचाही वाजतो. १६२ वर षड्ज धरला तर मागे राहिलेले ४८६ मि.मी. शुद्ध मध्यम देतात. वर षड्ज आणि खाली नको असलेला मध्यम, तोही नेक पिकअपच्या समोर. पंचम धरला तर मागे कोमल गंधार वाजतो, तो तर बिलावलात किंवा यमनात सगळं नासवतो. गंधार धरला की मात्र मागेही गंधारच, दोन सप्तकं खालचा. हा योगायोग सुंदर आहे आणि मुद्दाम वापरता येतो. बाकी वेळी मागचा भाग बंद करायलाच हवा. स्लाइड करंगळीत असेल तर मागची तीन बोटं तारेवर हलकी पसरून ठेवा. नखानं वाजवताना ते शक्य होत नाही, तेव्हा पहिल्या फ्रेटपाशी कापडाची पट्टी किंवा केसांचा रुंद रबरबँड अडकवा. खुल्या तारा मग वापरता येत नाहीत, एवढी किंमत द्यावी लागते.

पिकअप कुठला ठेवायचा, यात अनेकांची गल्लत होते. नख नेक पिकअपवर आहे, तेव्हा तो पिकअप वाजणाऱ्या तारेच्या टोकाशी आहे; टोक हलत नाही, मग त्याला ऐकू काय येणार? त्याला मागची घाणच जास्त ऐकू येते. सिलेक्टर ब्रिज पिकअपवर न्या. वरच्या षड्जाला ८१ मि.मी. तार उरते आणि ब्रिज पिकअप सॅडलपासून चार सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ तिच्या मध्यावर येतो. तिथं मूळ स्वर सगळ्यात ताकदीनं मिळतो, म्हणून ब्रिज पिकअप असूनही आवाज कर्कश न होता बासरीकडे झुकतो. पिकनं छेडण्याची जागाही सरकवावी लागते. सवयीनं हात मधल्या पिकअपवर छेडतो. पंचमाच्या वर गेलं की तिथं नखाच्या इतकं जवळ छेडलं जातं की नुसता खट्‌ आवाज येतो. ब्रिज पिकअप आणि सॅडलच्या मधे छेडा, पिकचं टोक कमी बाहेर ठेवा.

स्वर टिकत नाही ही तक्रार खरी आहे. आखूड तार ताठ असते, तिच्यात साठवायला ऊर्जाच थोडी, आणि ती लवकर संपते. थोडा गेन, कॉम्प्रेसर, आणि तीनशे ते चारशे मिलिसेकंदांचा मंद डिले एवढं पुरतं. गेन फार वाढवला तर नखाची प्रत्येक खरखर मोठी होते. गिटारचा बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या पुढं झपाट्यानं गळतो. वरचा षड्ज २६३७ हर्ट्झचा आहे, त्याचा पहिला उपस्वरच ५२७४ ला जातो, म्हणून तो स्वर ॲम्पमधून कोरडा, जवळजवळ शिट्टीसारखा येतो. ट्रेबल वाढवून त्यात काही फरक पडत नाही; रीव्हर्ब थोडा वाढवावा, ते जास्त उपयोगी.

हार्मोनिकचा रस्ता याला समांतर जातो. तार ब्रिजपासून चौथ्या हिश्शावर नुसती स्पर्शली आणि लगेच बोट उचललं तर ती चार भागांत कंप पावते आणि तोच अतितार षड्ज मिळतो, जो तिथंच तार अडवून मिळाला असता. पाचव्या हिश्शाला स्वयंभू गंधार, सहाव्याला पंचम, आठव्याला वरचा षड्ज. अडवणं आणि स्पर्शणं, दोन्हींना जागा एक, स्वर एक. फरक इतकाच की हार्मोनिकमध्ये पूर्ण तार हलते, म्हणून तो पुष्कळ जास्त टिकतो, पण त्याला मींड नाही. याचा सगळ्यात चांगला उपयोग सूर तपासायला. पाचव्या फ्रेटच्या वर स्पर्शून षड्जाचा हार्मोनिक ऐका, लगेच १६२ वर नख धरून तोच स्वर काढा आणि ताडून पाहा. गंधारासाठी नवव्या फ्रेटच्या किंचित अलीकडे स्पर्श करा. ट्यूनरकडे पाहण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण ट्यूनर चढा गंधारच बरोबर म्हणतो.

ट्रेमोलो बार (ब्रिज हलवणारी दांडी) वर ओढून किंवा ऑक्टेव्ह पेडल लावून उंच स्वर काढता येतात. फ्लॉइड रोज पद्धतीच्या तरंगत्या ब्रिजवर हार्मोनिक काढून बार वर घेतला की स्वर आणखी चढतो आणि तो परिणाम झणझणीत असतो. पेडलचा स्वर तारेवर जागा शोधून मिळत नाही, त्यामुळे या लिखाणात त्याला जागा नाही.

ग्वाल्हेरच्या हवेचा एक शब्द. मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश, असं हे शहर. पोलादी तार दहा अंश तापली की दहा-पंधरा सेंट उतरते. हिवाळ्यात गच्चीवर किंवा मांडवात वाजवायला बसताना सकाळी लावलेली गिटार दुपारी उतरलेली असणार. पण पट्टीवरच्या रेघांना याचा धक्का लागत नाही, कारण त्या भागाकाराच्या आहेत; खुली तार पुन्हा ई ला आणा, चौथा हिस्सा जागेवरच असतो. थंडीत नखं ठिसूळ होतात, कड तुटते, त्या दिवसांत बोटांना खोबरेल लावून ठेवणं बरं. मात्र वाजवण्याआधी नख कोरडं पुसावं, तेलकट नखावरून तार घसरते.

रियाजाला आधी फक्त तीन जागा घ्याव्यात : बाविसाव्या फ्रेटवरचा कोमल निषाद, १६२ चा षड्ज, १४४ चा रिषभ. निषाद फ्रेटवर बोटानं दाबून वाजवा, तो वाजत असतानाच डावा हात उचलून नख षड्जावर लावा. मधे तुटक पडणारच. ती तुटक झाकायला पुढच्या स्वराचा आघात किंचित उशिरा करा, नख पोचल्यावर. हे अंगवळणी पडलं की गंधार घ्या, दोन्ही प्रकारचा, आणि मग पंचमापर्यंत सरळ मींड. पंचमाच्या वरचं क्षेत्र मी शेवटी ठेवतो. तिथं एका मि.मी.त अर्धस्वराचा पाचवा-सहावा हिस्सा मावतो. आंदोलनही इथं वेगळं द्यावं लागतं. फ्रेटवर आपण तार आडवी हलवून कंप देतो, तो नेहमी मूळ स्वराच्या वरच जातो. नखानं धरलेल्या तारेवर कंप तारेच्या दिशेनं, मागेपुढे द्यायचा, आणि षड्जाला दोन मि.मी.ची फेरी पुरे. त्यात स्वर दहा सेंट वर आणि दहा सेंट खाली जातो, म्हणजे मधला स्वर जागेवर राहतो. वरच्या षड्जाला हीच फेरी दुप्पट रुंद ऐकू येते, तिथं ती एका मि.मी.वर आणावी.